टॉमीच्या पायाचं बिल कोणी भरलं?

झाडावरून पडून हात मोडला, तर हाड काही बाबांचा पगार विचारून मोडत नाही. श्रीमंताचं हाड आणि गरिबाचं हाड सारखंच ठणकतं. पण एक्स-रे काढायचा, हाड बसवायचं, प्लास्टर घालायचं, औषधं आणायची, तर त्याला पैसे लागतात. ते कोणी द्यायचे? या एवढ्याशा प्रश्नाला जगातल्या देशांनी किती तऱ्हेतऱ्हेची उत्तरं शोधलीत म्हणून सांगू!

सुरुवात एका मुलाच्या पायापासून करू या. टॉमी डग्लस 1904 साली स्कॉटलंडमध्ये जन्मला. लहानपणी पडला आणि गुडघ्याजवळ दुखापत झाली. जखमेतून जंतू हाडात शिरले. पेनिसिलिनचा शोध लागला 1928 साली, म्हणजे तेव्हा त्या जंतूंना मारणारं औषधच नव्हतं. पुढे टॉमीचं कुटुंब कॅनडातल्या विनिपेग शहरात राहायला गेलं आणि पायाने पुन्हा उचल खाल्ली. वडील लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्यात कामगार. मोठ्या सर्जनची फी देणं त्यांना शक्यच नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं, पाय कापावा लागेल.

आणि मग एक नामांकित सर्जन वॉर्डात आला. त्याला आपल्या विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी अशीच अवघड केस हवी होती. तो आईवडिलांना म्हणाला, विद्यार्थ्यांना बघू देणार असाल तर मी फुकट ऑपरेशन करतो. पाय वाचला! टॉमी पुढे चालला, पळाला, इतकंच नाही तर मुष्टियुद्धही खेळला.

पण मोठा झाल्यावर त्याच्या मनात एकच विचार घोळत राहिला. त्या दिवशी तो सर्जन माझ्याच पलंगापाशी थांबला म्हणून माझा पाय राहिला. शेजारच्या पलंगावरच्या मुलाचं काय? एखाद्या मुलाचा पाय नशिबाच्या भरवशावर का असावा?

हाच टॉमी 1944 साली कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांताचा प्रमुख झाला, म्हणजे आपल्याकडच्या मुख्यमंत्र्यासारखा. हा प्रांत महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठा, नजर जाईल तिथवर गव्हाची शेतं आणि माणसं मात्र तेव्हा दहा लाखसुद्धा नव्हती. 1947 साली तिथे योजना सुरू झाली: माणशी वर्षाला 5 डॉलर भरा, हॉस्पिटलात राहायची वेळ आली तर त्याचं बिल सरकार देईल.

हे नेमकं कसं जमतं? गणपतीची वर्गणी आठवा. कोणी हजार देतो, कोणी पन्नास. प्रसाद वाटताना मात्र हजारवाल्याला मोठा मोदक आणि पन्नासवाल्याला चुरा असं होत नाही. इथे फरक इतकाच की प्रसाद सगळेच घेतात आणि या वर्गणीतून फक्त आजारी माणूस घेतो. मला तर यातली ही गोष्ट फार आवडते: लाखो माणसं पैसे भरतात आणि मनात म्हणतात, माझ्यावर ते वापरायची वेळ न येवो!

1 जुलै 1962 रोजी सस्कॅचेवानने पुढचं पाऊल टाकलं. आता नुसतं हॉस्पिटलच नाही, डॉक्टरची फीसुद्धा सरकार देणार. पण प्रांतातले बहुतेक डॉक्टर संपावर गेले. सरकार आपल्याला हुकूम सोडेल, अशी त्यांना भीती वाटत होती. संप 23 दिवस चालला. ब्रिटनमधून डॉक्टर बोलवावे लागले. शेवटी तडजोड झाली, योजना टिकली आणि काही वर्षांत सगळ्या कॅनडाने ती उचलली. 2004 साली तिथल्या सरकारी टीव्हीने लोकांना विचारलं, सगळ्यात थोर कॅनडियन कोण? लोकांनी निवडलं टॉमी डग्लसला.

बरं, ब्रिटनमधल्या डॉक्टरांना सरकारी योजनेत काम करायची सवय कशी होती? कारण तिथे ही गोष्ट 14 वर्षं आधीच घडली होती. वेल्समधल्या ट्रेडिगार गावात कोळसा खाणीतले आणि पोलाद कारखान्यातले कामगार आपल्या पगारातून थोडे थोडे पैसे एका मंडळाकडे देत. त्यातून गावाचे डॉक्टर, गावाचा दवाखाना चाले. या गावातला अन्यूरिन बेव्हन तेराव्या वर्षी खाणीत कामाला लागला होता. पुढे तो ब्रिटनचा आरोग्यमंत्री झाला आणि गावात जे चालतं ते अख्ख्या देशात चालवायचं असं त्याने ठरवलं. 5 जुलै 1948 रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. आदल्या रात्री वेल्समधल्या एका हॉस्पिटलात एक बाई बाळंत व्हायच्या बेतात होत्या. नर्स म्हणत राहिल्या, थोडं थांबा, थोडं थांबा! रात्रीचे बारा वाजले, एक मिनिट उलटलं आणि मुलगी जन्मली. बाळंतपणाचा खर्च शून्य! मुलीचं नाव अन्यूरिनवरून अनायरा ठेवलं.

नव्या सेवेत चष्मेही फुकट होते. पहिल्याच वर्षात 50 लाखांहून जास्त चष्मे वाटले गेले. म्हणजे इतकी माणसं आतापर्यंत धूसर जगात वावरत होती! पण खर्च इतका वाढला की 1951 साली सरकारने चष्म्यांना आणि कवळ्यांना थोडे पैसे लावायचं ठरवलं. बेव्हनला ते मुळीच पटलं नाही. त्याने मंत्रिपदाचा राजीनामा दिला.

जर्मनीची रीत वेगळी आणि खूप जुनी, 1883 सालची. तिथे कामगाराच्या पगारातून थोडे पैसे कापतात, मालकही आपला वाटा घालतो आणि ते आजारपणाच्या पेटीत जातात. अशी एक पेटी नाही, आजही शंभराच्या आसपास आहेत. आईबाबा एखाद्या सरकारी पेटीत असले की मुलांचे वेगळे पैसे सहसा पडत नाहीत. ही योजना आणणारा तिथला तेव्हाचा सरकारप्रमुख बिस्मार्क काही मायेने विरघळला नव्हता. कामगार विरोधकांच्या मागे जातील, ही त्याला धास्ती होती. पण आजारी कामगाराला औषध मिळालं, हे खरंच.

आता अमेरिका. औषधपाण्यावर माणशी सगळ्यात जास्त खर्च करणारा हा देश. 1965 साली तिथे म्हाताऱ्यांसाठी एक आणि गरिबांसाठी एक अशा दोन सरकारी योजना आल्या. बाकीच्यांनी बहुतेक नोकरीतून मिळणाऱ्या खासगी विम्यावर राहायचं. त्यामुळे नोकरी गेली की विमाही जाऊ शकतो. आजही तिथल्या अडीच कोटींहून जास्त लोकांकडे कुठलाच विमा नाही. इतक्या पैशाच्या देशात असं व्हावं, हे मला पटत नाही.

मग कॅनडा, ब्रिटनमध्ये सगळं छान आहे का? नाही. तिथे गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी कित्येक महिने रांगेत थांबावं लागतं आणि म्हातारी माणसं तेवढे दिवस वेदना सोसतात. कॅनडाच्या मूळ योजनेत गोळ्या-औषधं, दात, चष्मा हे बहुतेक बाहेरच राहिलं होतं. पेटीत पैसे कमी आले की रांग लांबते.

फिनलंडने तर बाळ जन्मायच्या आधीपासून विचार केला. 1938 साली तिथे गरीब आयांना सरकारकडून एक खोका मिळू लागला, 1949 पासून सगळ्याच आयांना. त्यात बाळाचे कपडे, थंडीतला जाड पोशाख, पांघरुणं आणि तळाशी छोटी गादी. सगळं बाहेर काढलं की खोकाच बाळाचा पलंग! त्या काळी तिथे हजारातली साठहून अधिक बाळं वर्षाची व्हायच्या आत दगावत. आता हजारात दोनच्या आसपास. ही काही एकट्या खोक्याची करामत नव्हे. खरी हुशारी त्याच्या अटीत होती: गरोदरपणाचा चौथा महिना संपायच्या आत डॉक्टरकडे किंवा दवाखान्यात तपासून घ्या, तरच खोका मिळेल. खोक्याच्या ओढीने आया दवाखान्यात येऊ लागल्या.

हे सगळे श्रीमंत देशांचे लाड, असं वाटतंय? मग थायलंड बघा. तिथे डॉक्टर सांगुआन यांनी आधी खेड्यातल्या दवाखान्यात काम केलं होतं. आजारपणापायी माणसं कर्जात कशी बुडतात हे त्यांना ठाऊक होतं. त्यांच्या प्रयत्नांतून 2002 साली देशभर योजना आली: बहुतेक आजारांसाठी दवाखान्यात गेलं की तिथल्या चलनातले फक्त 30 बाट द्यायचे. अगदी गरिबांना तेही माफ. थायलंड तेव्हा काही श्रीमंत नव्हता.

आपल्याकडे लसी फुकट आहेत, शाळेत खिचडी आहे, अंगणवाडी आहे, दारोदार फिरणाऱ्या आशाताई आहेत. सपाटीवरच्या साधारण 30 हजार लोकांमागे एक आणि डोंगराळ, आदिवासी भागात 20 हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावं, असा नियम आहे. महाराष्ट्राने ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत केले. तरीही 2021-22 सालच्या हिशेबानुसार देशात आजारपणावर खर्च होणाऱ्या 100 रुपयांपैकी सुमारे 39 रुपये घरच्या लोकांनी थेट स्वतःच्या खिशातून दिले. 2013-14 मध्ये हेच 64 रुपये होते, म्हणजे भार पुष्कळ हलका झाला. पण थायलंडमध्ये तो 10 रुपयांच्या आसपास आहे. तुम्ही अठरा वर्षांचे होऊन पहिलं मत द्यायला जाल, तोवर आपलाही आकडा तिथवर उतरलेला मला बघायचाय.