मोहाचे तेल, धुरातला वायू



जळगाव जामोदकडच्या पाड्यांवर तेलघाणा बसवण्यासाठी मदत मागितली, तेव्हा इथे जानेफळात एका बंधूंनी विचारले, "मोहाच्या तेलापासून प्लॅस्टिक होते म्हणतात. मग घाणा कशाला? बिया कारखान्यालाच विकू द्या." प्रश्न रास्त आहे. माझे शिक्षण धर्मशास्त्राचे, त्यामुळे जाणकारांकडून समजून घेऊन लिहिते.

कार्बन डायऑक्साइड म्हणजे जळून उरलेला वायू. राख जशी पुन्हा पेटत नाही, तसा तो सहसा कशाशी जुळत नाही. पण तेलाच्या रेणूत काही ठिकाणी दुहेरी बंध असतात. तिथे हायड्रोजन पेरॉक्साइड वापरून ऑक्सिजन बसवला की तीन अणूंची ताणलेली कडी तयार होते, आणि उत्प्रेरक असेल तर हा वायू त्या कडीत शिरतो. उत्प्रेरक म्हणजे सोयरीक जुळवणारा मध्यस्थ. दोन घरे जोडून आपण मोकळा! अशा तेलात अमाइन मिसळले की पॉलियुरेथेन होते. गाद्यांचा फोम आणि व्हार्निश याच जातीचे.

नेहमीच्या पॉलियुरेथेनला आयसोसायनेट लागते. 1984 साली भोपाळमध्ये सुटलेला वायू त्याच कुळातला. म्हणून या नव्या वाटेचे मोल मोठे.

सोयाबीन तेलात हा वायू बसवून तसे पॉलियुरेथेन केल्याचे अमेरिकेतील संशोधकांनी 2004 साली प्रसिद्ध केले. मोहाच्या तेलात कड्या बसवण्याची पहिली पायरी 2006 साली खरगपूरच्या आयआयटीतून पुढे आली. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत लोह-जस्ताच्या एका उत्प्रेरकाने वनस्पती तेलाचे बायोडिझेल केले, आणि तसल्याच उत्प्रेरकाने कार्बन डायऑक्साइडही कामाला लावला.

पण मोहाच्या तेलात दुहेरी बंध सोयाबीनच्या साधारण निम्मेच. तितका वायू कमी मावणार. शिवाय आपल्या मेहकर तालुक्यात सोयाबीन ढिगाने पिकते, आणि मोहाची टोळंबी बाया झाडाखाली वाकून एकेक वेचतात. कारखानदार कोणते तेल घेईल, ते सांगायला रसायनशास्त्र नको.

आणि पाड्यावर हेच तेल फोडणीला, दिव्याला, भेगाळलेल्या टाचांना लागते. एक बाई म्हणाल्या, "बाई, बी इकली की तेल इकत आनावं लागते." बी स्वस्तात जाते, पुडा महाग येतो. घाण्याचा विचार तिथूनच सुरू झाला.

टोळंबीचा हंगाम मृगाच्या आसपास असतो. घाणा त्याआधी बसायला हवा.