उजनीचं पाणी ओसरलं, की भिगवणला नक्की काय पाहायचं?

समुद्र सह्याद्रीपलीकडे, पण बारामतीहून तासाभराच्या आत, इंदापूर तालुक्यातल्या भिगवणला नजर पोहोचेल तिथवर पाणी दिसतं. हा भीमेवरच्या उजनी धरणाचा फुगवटा. धरण 1980 मध्ये पूर्ण झालं.

रोहित कधी दिसतात?
रोहित म्हणजे फ्लेमिंगो. चोच उलटी करून पाण्यातलं शेवाळ आणि बारीक जीव तो गाळून खातो. त्याला उथळ पाणी लागतं, म्हणून धरण काठोकाठ असताना तो कमी दिसतो. जानेवारी ते मार्च उत्तम. कुंभारगाव, डिकसळ इथले मच्छीमारच होडीतून नेतात. पहाटे निघा आणि होडी थव्यात घालायला सांगू नका. फोटो मिळतो, पक्ष्यांचं चरणं मोडतं.

पायी कुठे?
पळसदेवला. जुनं गाव धरणात गेलं, पळसनाथाचं मंदिर तिथेच राहिलं. पाणी उतरताना आधी शिखर दिसतं. गाळ वाळला, की चालत जाता येतं. 2024 च्या उन्हाळ्यात मंदिर असंच उघडं पडलं. तेव्हा साठा उणे 50 टक्क्यांच्याही खाली होता.

‘उणे’ म्हणजे?
सुमारे 117 टीएमसीपैकी निम्म्याहून जास्त पाणी मृतसाठा. तो वापरायला लागलं, की आकडा उणे होतो. पर्यटकांना मंदिर दिसतं तेव्हा काठच्या शेतकऱ्याला पंपाचा पाइप आणखी पुढे न्यावा लागतो.

होडीत बसताना
21 मे 2024 च्या संध्याकाळी कुगाव-कळाशी होडी वादळी वाऱ्यात उलटून 6 जणांचा जीव गेला. लाइफ जॅकेट नसेल तर होडीत बसू नका. उन्हाळ्यात दुपारनंतर वारा सुटला, तर पैसे दिले असले तरी काठावरच थांबा.