चार बसमध्ये मावतील चार हजार वर्षं

मुंबईत हिंदमाताच्या कापडबाजारातून निघालं की तासाभरात माणूस काळा घोड्याला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात पोहोचतो. तिथल्या संग्रहात दायमाबादला सापडलेला धातूचा हत्ती आहे. उंची 25 सेंटीमीटर. सोबतचा गेंडा 19, आणि चाकांच्या चौथऱ्यावर उभी म्हैस 31, म्हणजे शाळेतल्या फूटपट्टीपेक्षा एक सेंटीमीटर जास्त. चौथी वस्तू बैलांचा रथ, 45 सेंटीमीटर लांब. तो दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

आकडे किरकोळ वाटतात ना? मग वजन ऐका. या चौघांचं मिळून 60 किलोंहून जास्त भरतं, म्हणजे जुन्या मापात दीड मणाच्या वर. आतून पोकळ काही नाही, सगळं भरीव ओतकाम. मोहेंजोदडोच्या जगप्रसिद्ध नर्तिकेची मूर्ती अवघी साडेदहा सेंटीमीटरची आहे, हे आठवलं की आपल्या प्रवरा नदीकाठच्या या हत्तीपुढे थबकायला होतं.

काही अभ्यासकांनी या चार वस्तूंचा काळ उत्तर हडप्पा, म्हणजे आजपासून सुमारे 4,000 वर्षांपूर्वीचा मानला. इतर काहींच्या मते त्या नंतरच्या आहेत. चार हजार धरले तर साडेचौदा लाख दिवस होतात. शिवराज्याभिषेकाला साडेतीनशे वर्षं झाली. तसे अकरा काळ एकापुढे एक ठेवावे लागतील. पण मला खरा चकवतो तो दुसरा हिशेब. पंचवीस वर्षांची एक पिढी धरली, तर हत्ती ओतणारा कारागीर आणि आपण यांच्यात जेमतेम 160 पिढ्या. प्रत्येक पिढीचा एकेक माणूस बोलावला, एका बसमध्ये चाळीस जण बसवले, तर सगळे पूर्वज चार बसमध्ये मावतील. हिंदमाताच्या थांब्यावर याहून मोठी गर्दी रोज संध्याकाळी असते.

या 160 पिढ्यांत तांब्या-काशाचं किती काही वितळलं असेल! आपल्याच घरातला आजीचा बंब मोडीत गेला. दायमाबादच्या या वस्तू वाचल्या, कारण त्या जमिनीखाली होत्या. आत्ताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, श्रीरामपूर तालुक्यात, 1974 साली एक गावकरी झुडपाच्या बुंध्याशी खणत होता, तेव्हा त्या हाती लागल्या. त्याने त्या भंगारात दिल्या असत्या, तर विषय तिथेच संपला असता.

महाराष्ट्राच्या रानात आज गेंडा नाही. धातूतला हा एक मात्र मुंबईत आहे. पुढच्या सुट्टीत मुलांना घेऊन जा, आणि सोबत फूटपट्टी न्या.