तांदळाच्या रेषा : जिव्या सोमा म्हसे यांचे स्मरण

जव्हारजवळच्या शिरपामाळाची कथा या भागातील प्रत्येक घरात ठाऊक आहे. १६६३ सालच्या अखेरीस सुरतेच्या वाटेवर असताना शिवाजी महाराज येथे थांबले, जव्हारच्या मुकणे घराण्यातील राजाने त्यांचे स्वागत केले आणि त्यांच्या मस्तकी मानाचा शिरपेच चढविला. त्या शिरपेचावरून माळाला नाव मिळाले, असे परंपरा सांगते. राजाने राजाचा केलेला तो सन्मान इतिहासात नोंदला गेला. मात्र याच जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांपासून डहाणू-तलासरीच्या किनारपट्टीपर्यंत पसरलेल्या पाड्यांवर वारली, कोकणा, कातकरी, ठाकूर, मल्हार कोळी अशी जी माणसे शतकानुशतके राबत आली, त्यांच्यापैकी कुणाच्या मस्तकी शिरपेच चढल्याची नोंद फारशी सापडत नाही. म्हणूनच डहाणू तालुक्यातील गंजाड गावच्या कळंबीपाड्यावरील एका वारली शेतकऱ्याचे दीर्घ आयुष्य पुन्हा पुन्हा आठवावेसे वाटते. जिव्या सोमा म्हसे हे त्यांचे नाव.

जिव्यांचा जन्म १९३४ च्या सुमारास तलासरी तालुक्यातील धामणगाव येथे झाला. जन्मतारीख लिहून ठेवण्याची तेव्हा पाड्यावर रीत नव्हती. सात वर्षांचे असताना आई गेली, आणि त्या आघाताने हे मूल बोलेनासे झाले. एक-दोन दिवस नव्हे, तर पुढे कितीतरी वर्षे त्याच्या तोंडून शब्द फुटला नाही. काही सांगायचे असले की तो खाली बसे आणि धुळीत बोटाने आकृती काढून दाखवी. पाड्यावरच्या लोकांनी त्याला वेडा ठरवून बाजूला सारले नाही. उलट त्याच्या त्या मातीतल्या चित्रांकडे कौतुकाने पाहिले. दुःखाने मिटलेल्या मुलाला त्याच्या पद्धतीने बोलू देण्याचे हे शहाणपण एकही शाळा न पाहिलेल्या माणसांपाशी होते, हे येथे मुद्दाम नोंदविले पाहिजे.

वारली बोलीत चित्र काढत नाहीत, चौक ‘लिहितात’. त्यामुळे न बोलणारे हे मूल लिहित होते, असे म्हटले तर ते नुसते अलंकारिक ठरणार नाही.

चौक लिहिण्याचा अधिकार मात्र स्त्रियांचा. लग्नघरी कारवीच्या कुडाची भिंत शेणाने सारवायची, त्यावर गेरूचा हात फिरवायचा आणि तांदूळ वाटून केलेल्या पांढऱ्या पिठाने सवाशिणींनी देवचौक लिहायचा. बांबूची बारीक काडी टोकाशी चावून तिचा कुंचला करायचा. चौकाच्या मध्यभागी पालघट देवी, शेजारच्या लहान चौकात घोड्यावरचा पंचशिऱ्या, आणि भोवती झाडे, जनावरे, कामात गुंतलेली माणसे. धवलेरी गाणी म्हणून देवांना बोलावते. चौक पुरा झाल्याशिवाय लग्न लागत नाही. पुढे पावसाळ्यात ओल लागून भिंत पोपडे धरते, चित्र गळून जाते, आणि त्याची खंत कुणी करीत नाही. पुढच्या लग्नाला पुढचा चौक.

अशा रीतीच्या समाजात एका पुरुषाने काडी हाती धरणे ही साधी गोष्ट नव्हती. जिव्या लग्नसराईचा मुहूर्त पाहत बसत नसत. दिवसभर दुसऱ्याच्या शेतावर राबायचे आणि मनाला येईल तेव्हा भिंतीवर लिहायचे, असा त्यांचा क्रम होता. कुणी हसले असेल, कुणी नावे ठेवली असतील. परंतु हात थांबला नाही.

सत्तरच्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार या पाड्यांवर आले. पुपुल जयकर यांच्या प्रेरणेने त्यांनी पूर्वी बिहारच्या दुष्काळात मिथिलेच्या स्त्रियांना कागद देऊन भिंतीवरची चित्रे कागदावर आणविली होती. तोच प्रयोग त्यांना येथे करायचा होता. कागद आणि पांढरा रंग घेऊन ते घरोघर फिरले. स्त्रिया संकोचल्या. भिंतीवर हात सहज चालत असे, परंतु चार कोपऱ्यांच्या कोऱ्या कागदापुढे तो अडखळे. तेव्हा पुढे आले ते जिव्या. त्यांनी काढलेली रेषा पाहून कुलकर्णी थक्क झाले असतील यात नवल नाही. ती रेषा आजही पाहणाऱ्याला थक्क करते.

१९७५ साली मुंबईच्या केमोल्ड कलादालनात त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरले. १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि त्याच वर्षी त्यांची चित्रे फ्रान्समधील मांतों येथे दाखविली गेली. १९८९ मध्ये पॅरिसच्या पाँपिदू केंद्रात जगभरच्या शंभराच्या आसपास कलावंतांचे जे गाजलेले प्रदर्शन झाले, त्यात गंजाडचे जिव्या होते आणि मिथिलेच्या बऊआ देवीही होत्या. एका दुष्काळाने आणि एका चित्रकाराच्या पायपिटीने जोडलेले दोन प्रदेश सातासमुद्रापार एकाच छपराखाली भेटले, हा योग विलक्षण म्हटला पाहिजे. पुढे इंग्रज कलावंत रिचर्ड लाँग वारली मुलुखात येऊन राहिले. पायी चालणे आणि दगडमातीची वर्तुळे मांडणे हीच त्यांची कला. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. एकाचे वर्तुळ जमिनीवर, दुसऱ्याचे शेण सारवलेल्या कापडावर. या दोघांचे एकत्रित प्रदर्शन २००३ मध्ये जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ येथे आणि त्यानंतर इटलीतील मिलान येथे भरले.

सन्मानांची यादी आणखीही आहे. २००९ मध्ये नेदरलँड्सचा प्रिन्स क्लाऊस पुरस्कार आणि २०११ मध्ये पद्मश्री. परंतु पुरस्काराने पोट भरत नाही. शासनाने देऊ केलेल्या जमिनीसाठी या शेतकरी कलावंताला अनेक वर्षे वाट पाहावी लागली. जगाने ज्याला कलावंत म्हटले, त्याची स्वतःची मागणी नांगरता येईल एवढ्या तुकड्याची होती.

त्यांच्या चित्रात नेमके काय होते? त्रिकोण, वर्तुळ, चौकोन, रेषा आणि ठिपके, याहून अधिक काही नाही. दोन त्रिकोण टोकाशी टोक लावून ठेवले की माणसाचे धड होते, आणि ते त्या टोकावर असे तोललेले असते की आता हलेल असे वाटते. तारपा वाजविणाऱ्याभोवती नाचणाऱ्यांची गुंडाळी फिरत जाते. तिला शेवट सापडत नाही. मासेमारीचे त्यांचे जाळे तर सारे कापड व्यापून टाकते. हजारो बारीक फासे, प्रत्येक हाताने काढलेला, एकही दुसऱ्यासारखा नाही, आणि त्या पसाऱ्यात कोपऱ्यात कुठेतरी जाळे टाकणारा एवढासा माणूस. माणूस, पक्षी, प्राणी सारे दिवसरात्र हालचाल करीत असतात आणि ही हालचाल म्हणजेच जीवन, असे ते सांगत. वारुळावर लगबग करणाऱ्या मुंग्या त्यांनी जितक्या मन लावून काढल्या, तितक्याच मन लावून लग्नाची वरात काढली. लहानमोठा असा भेद त्यांच्या रेषेला ठाऊक नव्हता.

आज वारली चित्रे साड्यांवर, पेल्यांवर, विमानतळाच्या भिंतींवर दिसतात. छापाने मारलेल्या, एका मापाच्या त्या आकृतींना वारली म्हणणे जड जाते. तरीही दोष सारा बाजाराला देऊन चालणार नाही. याच मागणीमुळे डहाणू, तलासरी, जव्हार, विक्रमगड या भागांतील कितीतरी तरुणांच्या घरात चूल पेटली आणि वीटभट्टीची वाट काहींना तरी टळली. पुरुषांच्या हाती काडी आली ती जिव्यांमुळे. त्यांची मुले सदाशिव आणि बाळू चित्रकार झाली, आणि आसपासच्या पाड्यांवरची पोरे त्यांच्या अंगणात बसून शिकली. या वाटचालीत मूळच्या सवाशिणींची नावे मात्र मागे राहिली, ही रुखरुख प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. देवचौक लिहिणाऱ्या किती स्त्रियांना पुरस्कार मिळाले, हा प्रश्न कळंबीपाड्याच्या कीर्तीला कमीपणा न आणताही विचारता येतो.

परदेशच्या वाऱ्या झाल्या, तरी जिव्यांनी पाडा सोडला नाही. १५ मे २०१८ रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी, गंजाड येथेच त्यांचे निधन झाले. मे महिना हा वारल्यांच्या लग्नसराईचा. गेरूने सारवलेल्या भिंतींवर त्या दिवसांत कुठे कुठे ओले तांदळाचे पीठ वाळत होते.