बैल जप्त करू नये

मार्गशीर्षी पौर्णिमेस तापीकाठच्या सारंगखेड्यात एकमुखी दत्ताची यात्रा भरते, आणि तिच्यातील घोडेबाजारात जो कोणी अर्धा दिवस निवांतपणे उभा राहिला असेल, त्याला गुणांची बेरीज म्हणजे किंमत नव्हे, ही गोष्ट निराळी शिकवावी लागत नाही. दात पाहिले जातात, रेवाल चाल पाहिली जाते, चारी पाय व तोंड पांढरे असून जनावर पंचकल्याणी ठरले तर भाव चढतो, आणि एखादा भोवरा नको त्या जागी निघाला की हा सारा हिशेब क्षणात कोसळतो.

हा बाजार आठवण्याचे निमित्त मात्र अगदी वेगळे आहे. एकाने कथा सांगावी, बाकीच्यांनी तीत एकेक पात्र होऊन वावरावे आणि जेथे शंका पडेल तेथे फाशाने कौल द्यावा, असा जो खेळ ‘आरपीजी’ या नावाने आता आपल्याही मुलांच्या तोंडी आला आहे, त्यात पात्राचे गुण आकड्यांनी मांडावे लागतात आणि त्याला झालेली इजाही आकड्यांनीच वजा करावी लागते. शेकडो पानी नियमग्रंथात एका कलमाची चूक दुसरे कलम झाकते. ज्या खेळाचे सारे नियम दोन पानांत मावतात, तेथे चूक झाकायला जागाच नसते.

या खेळांचा मूळपुरुष ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह अर्नेसन यांनी प्रसिद्ध केला. त्यात बळ, बुद्धी, शहाणपण, चपळाई, काटकपणा व व्यक्तिप्रभाव असे सहा गुण तीन फाशांच्या बेरजेने ठरत. सरासरी साडेदहा, आणि अठरा पडण्याचा योग २१६ दानांत एकदा. गंमत अशी की त्या पहिल्या आवृत्तीत खंजीर असो वा खड्ग, इजा एकाच फाशाची, आणि बलदंडाच्या घावाला बळाचा म्हणून काही विशेष लाभ नसे. पुढल्याच वर्षीच्या ‘ग्रेहॉक’ या पुरवणीने शस्त्रागणिक इजा निराळी केली, बळवंताला घाव लागण्यातही सवलत दिली व इजेतही दिली, आणि माझ्या मते कटकटीचे बीज तेथेच पेरले गेले.

ही दुहेरी सवलत दिसायला क्षुल्लक असते. सहांपैकी तीन दानांवर घाव लागतो आणि इजा एका फाशाची, म्हणजे सरासरी साडेतीन, असे धरले, तर डावागणिक पावणेदोन इजा पदरात पडते. आता बळाचा एकच अंक दोन्हीकडे मिळवा: सहांपैकी चार दाने आणि सरासरी साडेचार, म्हणजे डावाला तीन. एका अंकाने सत्तर टक्क्यांहून अधिक वाढ! एकाच शेतसाऱ्यावर दोन पिके घेणाऱ्या या खातेदारापुढे चपळाईला आणि हिंमतीला कोण विचारतो?

याच्या उलट दिशेचा प्रमाद मी स्वतः केला. गेल्या दिवाळीच्या सुटीत शहाद्याला बहिणीकडे असताना भाच्यासाठी वहीच्या एका पानावर मी नियम लिहिले: बळ, चपळाई व हिंमत असे तीन गुण, त्यांत नऊ अंक वाटून घ्यायचे, सापशिडीच्या डब्यातल्या फाशावर गुणाइतके किंवा त्याहून कमी दान पडले की काम साधले, आणि इजा थेट बळातून वजा. भाच्याचा घोडेवाला सारंगखेड्याहून तोरणमाळास निघाला आणि गावाबाहेरच्या उसातून बिबट्या निघाला. पहिल्याच फेरीत घोडेवाल्याचे बळ चारावरून एकावर आले, बिबट्याचेही तेवढेच उरले, आणि मग दोघांनाही सहांत एकच दान उपयोगी, अशा अवस्थेत ते एकमेकांसमोर धापा टाकत राहिले. पाच-सहा फेऱ्या कोरड्या गेल्यावर फासा खाली ठेवून भाचा म्हणाला, “मामा, हाऊ मरत बी नही नि लढत बी नही.”

माझा प्रमाद अगदीच अनाथ नव्हता. १९७५ च्या ‘टनेल्स अँड ट्रोल्स’मध्ये केन सेंट आंद्रे याने इजा काटकपणातून वजा केली व पहिल्या आवृत्त्यांत मंत्राचा खर्च बळातून घेतला, १९७७ च्या ‘ट्रॅव्हलर’मध्ये मार्क मिलर याने तीन शारीरिक गुणांतूनच जखमा वसूल केल्या, एक शून्यावर आला की शुद्ध हरपते आणि तिन्ही आले की मृत्यू. कागदावर ही व्यवस्था फार देखणी आहे, कारण तीत निराळे खाते ठेवावे लागत नाही. परंतु ज्या बळावर लढायचे त्यातूनच इजेची वसुली झाली, तर तो व्यवहार कर्जापोटी कुणब्याचे बैल ओढून नेण्यासारखा होतो. पुढच्या हंगामात तो फेडणार कशातून? आपल्या १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेला हे पुरते ठाऊक होते. तिच्या साठाव्या कलमान्वये शेतकऱ्याची अवजारे, आणि उपजीविकेपुरती लागणारी गुरे व बियाणे, हुकूमनाम्याच्या वसुलीसाठी जप्त करता येत नाहीत.

अलीकडच्या आटोपशीर खेळांत हे मर्म मला सर्वांत चांगले उमगलेले दिसते ते ख्रिस मॅकडॉवल याच्या ‘इन्टू द ऑड’ या खेळात. तेथे गुण तीनच. घाव लागतो की नाही याचा कौलच काढीत नाहीत, सरळ इजेचा फासा टाकतात, म्हणजे दुहेरी पिकाचा प्रश्न मुळातच निकालात निघतो. इजा आधी एका किरकोळ साठ्यातून जाते आणि तो सरला म्हणजेच बळाला हात लागतो. त्याहून मार्मिक गोष्ट अशी की ज्याच्या वाट्याला हलकी दाने आली त्याला आरंभीचे सामान अधिक चांगले मिळते. ही तगाईच म्हणायची. जॉन हार्पर याने २०१३ च्या ‘लेझर्स अँड फीलिंग्ज’मध्ये तर एकच आकडा ठेवला, दोन ते पाचांमधला: बुद्धीच्या कामी त्याखालचे दान हवे आणि भावनेच्या कामी त्यावरचे, त्यामुळे एका कामात जेवढे मिळवावे तेवढे दुसऱ्यात गमवावे लागते. युक्ती अप्रतिम आहे, पण बिबट्याला ती पुरत नाही.

रात्री जेवणानंतर आम्ही वहीचे पान फाडले व नवे लिहिले. प्रत्येकाच्या नावे ‘दम’ म्हणून सहा अंकांचे खाते उघडले, घाव निश्चित लागणार असे ठरवले, दम संपल्यावरच बळास हात लावायचा असा निर्बंध घातला, आणि निरुपयोगी पडलेल्या हिंमतीला काम मिळावे म्हणून बळाला हात लागला की हिंमतीचे दान टाकायचे, ते चुकले तर माघार, असा नियम बिबट्यालाही लागू केला. या खेपेस तिसऱ्याच फेरीत तो उसात पसार झाला. भाच्याने वहीत घोडेवाल्याचा उरलेला दम, दोन, असा नोंदवला आणि घोड्याचे खाते वेगळे उघडावे अशी मागणी केली. मी चार म्हणालो. तो आठाखाली यायला तयार नव्हता, कारण घोडा पंचकल्याणी होता.