मोटारीचे औषधपाणी

पनवेलकरांना चाकांचे कौतुक नवे नाही. मोटारी यायच्या आधी हे गाव बैलगाडीच्या चाकांसाठी प्रसिद्ध होते. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटिअरात येथील चाकांच्या धंद्याची नोंद सापडते. मुंबईहून पाण्याच्या वाटेने पनवेलच्या बंदरात उतरायचे आणि पुढे गाडीने पुण्याकडे निघायचे, असा तेव्हाचा प्रवास. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला. आता बंदर गेले, बैल गेले. कळंबोलीहून पुण्याचा द्रुतगती मार्ग निघतो, पळस्प्याला गोव्याचा रस्ता फुटतो, आणि जाल तिकडे गॅरेजच्या पाट्या. चाक बदलले, धंदा तोच राहिला म्हणायचा!

मोटार घेताना मंडळी किंमत पाहतात, पेट्रोल किती पिते ते विचारतात, रंगावरून घरात दोन दिवस वाद घालतात. तिच्या औषधपाण्याला वर्षाला काय लागेल, हे मात्र कोणी विचारीत नाही. पहिल्या तीन सर्व्हिसिंग ‘फुकट’ असतात ना! पण त्या फुकटात बहुधा फक्त मजुरी येते. तेल आणि फिल्टर यांचे पैसे मोजावेच लागतात. चौथ्या खेपेपासून मजुरीही लागते, आणि मग बिल पाहून यजमान गंभीर होतात.

आमच्या घरी मोटार आम्ही दोघेही चालवतो, पण हिशेबाची वही माझ्याकडे. किराण्याची यादी ज्या डोळ्यांनी वाचायची त्याच डोळ्यांनी वर्कशॉपचे अंदाजपत्रक वाचावे, असा माझा शिरस्ता आहे. गेल्या वर्षी तेल, तेलाचा फिल्टर आणि तपासणी एवढ्यासाठी गाडी नेली. कागदावर शेवटी चार कलमे वाढलेली दिसली : इंजिन फ्लशिंग, ए.सी.चे निर्जंतुकीकरण, थ्रॉटल बॉडीची सफाई आणि खालून कोटिंग.

“काकू, करून घ्या. गाडीच्या तब्येतीला चांगलं असतं,” टाय लावलेला मुलगा म्हणाला.

“पुस्तकात कुठे लिहिलंय तेवढं दाखवा,” मी म्हटले.

पोरगा बिचारा प्रामाणिक. हसला आणि चारही कलमांवर रेघ मारली. बिलाचा जवळजवळ तिसरा हिस्सा त्या एका रेघेने कमी झाला.

हे पुस्तक म्हणजे गाडीबरोबर मिळते आणि डाव्या बाजूच्या खणात न उघडता जीर्ण होते ते. त्याच्या शेवटी एक तक्ता असतो. किती किलोमीटरला अथवा किती महिन्यांनी काय बदलायचे, काय नुसते पाहायचे, हे त्यात स्पष्ट छापलेले असते. आजकालच्या बऱ्याचशा पेट्रोल मोटारींना तेल दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल तेव्हा बदलायचे असते. त्यातले ‘जे आधी होईल’ हे शब्द पनवेलकरांनी नीट वाचावेत. आमच्या बाजूचे कितीतरी लोक स्टेशनापाशी गाडी लावून हार्बरच्या लोकलने मुंबईला जातात. वर्षाला चार हजार किलोमीटरदेखील होत नाहीत. पण रोज दोन-तीन किलोमीटरच्या फेरीत इंजिन पुरते तापतही नाही, आणि तेलात शिरलेली वाफ तेलातच राहते. अशा गाडीला किलोमीटर न मोजता महिने मोजावे लागतात.

थोरले लोक फियाटच्या आठवणी काढतात त्या खऱ्याच आहेत. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली फियाट ज्यांच्या दारी होती त्यांचा रविवार तिच्याखाली जाई. प्लग काढून घासायचे, पॉइंटमधले अंतर पाहायचे, कार्बोरेटर उघडायचा, ग्रीसची पिचकारी घेऊन एकेक बोंड शोधायचे. आताच्या पेट्रोल मोटारीत पॉइंट नाहीत, कार्बोरेटरही नाही. म्हणजे काम कमी झाले. बिल मात्र का वाढले, ह्याचा विचार करण्यासारखा आहे. पूर्वी मालकाला गाडीतले थोडेफार कळे. आता बॉनेट उघडले की काळे प्लॅस्टिकचे झाकण दिसते आणि आपण घाबरून ते पुन्हा लावतो.

वास्तविक घाबरायचे कारण नाही. ए.सी.चा फिल्टर बऱ्याच गाड्यांत त्याच डाव्या खणाच्या मागे असतो. खण बाजूंनी दाबून खाली सोडला की हाती येतो. माझ्या गाडीत ह्या कामाला पाच मिनिटेही लागत नाहीत. हवेच्या फिल्टरच्या डब्याला दोन-चार क्लिपा किंवा स्क्रू असतात. कळंबोलीच्या लोखंडबाजारातले ट्रक आणि नेहमीची बांधकामे ह्यांच्या धुळीमुळे आमच्याकडे हा फिल्टर तक्त्यात दिलेल्या मुदतीच्या आधीच काळवंडतो; तेव्हा मधून काढून पाहावा. वायपरची रबरे पावसाळ्यापूर्वी बदलावीत. टायरमध्ये हवा किती भरायची तो आकडा चालकाच्या दारापाशी खांबावर चिकटवलेला असतो. टायर थंड असताना तेवढी भरावी. ही कामे पाहुण्यांना चहा करण्याइतकी सोपी आहेत. एक सांभाळावे : इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण उघडू नये. उकळते पाणी थेट तोंडावर येते.

तेल मात्र मी घरी बदलत नाही. गाडीखाली शिरण्याची हौस नाही हे एक, आणि काढलेले काळे तेल टाकायचे कोठे हा दुसरा प्रश्न. गटारात ओतले की ते गाढी नदीत जाणार. आमच्या मिस्त्रींकडे ते पिंपात साठवतात आणि गोळा करणाऱ्याला देतात.

“पण बाहेरच्या मिस्त्रीकडे गेलात तर वॉरंटी जाईल!” ही धमकी प्रत्येकाने ऐकलेली असते. ह्याबाबतीत एक निकाल माहीत असावा. २०११ साली एका ग्राहकाने मोटारकंपन्यांविरुद्ध भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली : सुटे भाग बाहेर मिळत नाहीत, त्यामुळे कंपनीच्याच वर्कशॉपशिवाय गत्यंतर राहत नाही. २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने चौदा कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक दंड सांगितला. बाहेर काम करून घेतले एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करू नये, बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढे नुकसान झाले असेल तेवढ्यापुरतीच ती नाकारावी, असेही म्हटले. कंपन्या अपिलात गेल्या आणि प्रकरण लांबले, ही गोष्ट वेगळी. म्हणून मी सांगते, मुदत चालू असेपर्यंत कंपनीच्या वर्कशॉपातच जावे, तक्त्याबाहेरचे काही करू नये, आणि पावत्या जपाव्यात. मुदत संपल्यावर ओळखीचा मिस्त्री बघावा.

मिस्त्रीकडे जाताना तेल आणि फिल्टर आपण स्वतः न्यावे. पुस्तकात ५डब्ल्यू-३० सांगितले असेल तर तेच. दुकानदार ‘ह्याच्यापेक्षा जाड देतो, इंजिन शांत चालेल’ म्हणेल, तिकडे लक्ष देऊ नये. सील पाहावे, पावती घ्यावी, आणि रिकामा डबा परत घेऊन त्याला भोक पाडावे. चांगल्या कंपनीच्या रिकाम्या डब्यात कोणी भलते तेल भरून विकू नये म्हणून. काढलेला जुना फिल्टरही मागून घ्यावा. मिस्त्री चांगला असेल तर त्याला राग येत नाही. आमचे मिस्त्री आता न मागताच जुना माल वर्तमानपत्रात गुंडाळून डिकीत ठेवतात! २२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवरचा जी.एस.टी. अठ्ठावीस टक्क्यांवरून अठरावर आला आहे. जुन्या पावतीशी नवी ताडून पाहावी.

येथवर पैसे वाचवण्याचे झाले. आता एका ठिकाणी मी एक पैसाही वाचवीत नाही, ते ब्रेक. आमची सासुरवाडी-माहेर सगळे घाटावर. सणावाराला मुले-म्हातारी माणसे घेऊन खंडाळ्याहून खाली उतरावे लागते. ब्रेकचे तेल हवेतला ओलावा शोषून घेते, आणि कोकणच्या पावसाळ्यात ओलाव्याला काय तोटा! नवे डॉट-३ जातीचे तेल २०५ अंशांच्या आत उकळत नाही. पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी त्यात मुरले की तीच मर्यादा १४० पर्यंत उतरू शकते. लांब उतारावर सतत पाय दाबून ठेवला तर ब्रेक तापतात, तेलात वाफेचे बुडबुडे धरतात, आणि पायाखालचे पेडल एकाएकी मऊ लागते. सपाटीवर तीन वर्षांत जे कधी जाणवले नाही ते घाटातल्या एका वळणावर जाणवते. म्हणून पुस्तकात सांगितले असेल तेव्हा, बहुधा दर दोन वर्षांनी, हे तेल बदलून घ्यावेच. आणि उतारावर गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवावी, त्याला काही खर्च येत नाही.

टायरचेही तेच. नक्षीच्या खाचांत तळाशी लहान उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्याबरोबरीला आली, म्हणजे खोली १.६ मिलिमीटर उरली, की टायर संपला. यजमान ‘अजून एक पावसाळा काढेल’ म्हणतात. काढणार नाही.

फ्लशिंगचे वाचलेले पैसे ह्या दोन कलमांना पुरून थोडे उरतात. आणि हो, सर्व्हिसिंगला दिवाळीच्या आदल्या आठवड्यात जाऊ नये. सारे पनवेल तेव्हा गावी निघायच्या घाईत असते, गाड्यांची रांग लागते आणि तपासणी नुसती कागदावर होते. आम्ही नवरात्रात जातो, तेही मंगळवार-बुधवार पाहून, सकाळी दुकान उघडताना. मिस्त्री मोकळे असतात, चारही चाके काढून ब्रेक दाखवतात, आणि चहाही तेच पाजतात.