आठ वाघिणी, चार फूट फळी

घरच्या घरी उभारायच्या छोट्या रेल्वेवर लिहा, असा संपादकांचा निरोप आला तेव्हा मी एकच अट घातली : सोबत गोल फिरणाऱ्या गाडीचा फोटो छापायचा नाही. संपादक हसले. मी गंभीर होतो. प्लायवूडवर लंबवर्तुळ टाकायचे आणि त्यावर शताब्दी पळवत ठेवायची, याला मी रेल्वे म्हणत नाही. ते मत्स्यालय झाले. घरचे चार दिवस कौतुकाने बघतात, नंतर पाहुणे आले की बटण दाबायचे एवढाच त्याचा उपयोग उरतो. खरी गाडी कुठूनतरी कुठेतरी जाते, वाटेत थांबते, दोन वाघिणी सोडते, तीन उचलते, आणि त्यासाठी कुणाला तरी डोके चालवावे लागते. डोके चालवायची ही सोय दोन खोल्यांच्या घरातही होऊ शकते, हे मी सांगत आलो आहे आणि ऐकणारे मान डोलावून पुन्हा गोल रूळ विकत घेत आले आहेत.

छंदाचा इतिहास वाचकांना माहीत आहे असे धरून तो धावता घेतो. ग्योपिंगेनच्या मेर्कलिनने १८९१ मध्ये लाइपझिगच्या व्यापारी मेळ्यात चावीची गाडी आणि जोडत जायचे रूळ मांडले, तेव्हापासून ठरावीक गेजची शिस्त आली. इंग्लंडात मेकॅनोवाल्या फ्रँक हॉर्नबींची चावीची गाडी १९२० ची, टेबलावर मावणारी डब्लो १९३८ ची. अमेरिकेत एनएमआरए ही संघटना १९३५ मध्ये झाली आणि कुणाचेही चाक कुणाच्याही रुळावर चालावे म्हणून मापे ठरली. पुढे गाड्या लहान होत गेल्या : १९६२ मध्ये आर्नोल्डने नऊ मिलिमीटरचा एन गेज आणला, १९७२ मध्ये मेर्कलिनने साडेसहा मिलिमीटरचा झेड. डिजिटल प्रकरणाकडे पुढे येईनच. आपल्याकडे यातले जे काही आले ते बहुतेक परदेशी राहणाऱ्या कुणाच्या तरी काकांच्या बॅगेतून.

यात माझ्या दृष्टीने महत्त्वाचे दोघे-तिघेच. न्यू ऑर्लिन्सच्या फ्रँक एलिसनने १९४४ च्या सुमारास एक लेखमाला लिहिली. त्याचे म्हणणे असे की फळी हा रंगमंच, गाड्या हे नट आणि वेळापत्रक ही संहिता. आपल्यासारख्या नाटकवेड्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको, पण नट नुसतेच गोल धावत असताना टाळ्या वाजवणारे प्रेक्षक आपल्यातच जास्त आहेत. दुसरा पीटर डेनी. हा इंग्लंडातला पाद्री. त्याच्या बकिंगहॅम लाइनवर खऱ्यासारखे वेळापत्रक चाले, एका स्टेशनावर तो आणि पलीकडच्या स्टेशनावर दुसरा गडी. दुसरा गडी मिळेना तेव्हा त्याने पलीकडचे स्टेशन सांभाळणारे यंत्रच बनवले आणि त्याला मुलाच्या नावावरून ‘ऑटोमॅटिक क्रिस्पिन’ म्हटले. घरातली मुले मोठी झाल्यावर काय होते हे ज्या बापांना ठाऊक आहे त्यांनी या यंत्राला मनोमन नमस्कार करावा.

तिसरा अ‍ॅलन राइट. त्याच्याबद्दल सविस्तर लिहिणार आहे, पण आधी भांडण.

भारतीय रेल्वे घरात आणायची तर माप कोणते, यावर आपल्याकडे इतके वाद झाले की तेवढ्या वेळात दोन-तीन लाइनी बांधून झाल्या असत्या. अडचण खरी आहे. आपला ब्रॉड गेज १६७६ मिलिमीटर. एचओ म्हणजे १:८७ या प्रमाणात तो १९.३ मिलिमीटर होतो, आणि बाजारात मिळणारा रूळ १६.५ चा, कारण तो युरोप-अमेरिकेच्या १४३५ साठी बनवलेला. म्हणजे डबा बरोबर आणि रूळ अरुंद. उलट रूळ बरोबर धरून गाडी बनवायची तर प्रमाण साधारण १:१०२ येते आणि मग माणसे, झाडे, सिग्नल, सगळेच हाताने घडवा. एक गट म्हणतो, डोळ्याला कळत नाही, चालवून घ्या. दुसरा गट, त्यांना मी मिलिमीटरवाले म्हणतो, एकेक स्लीपर तासून १९.३ चा रूळ हाताने घालतो. त्यांची कारागिरी थोर आहे, यात शंका नाही. मात्र त्यांच्यातल्या एकाच्याही लाइनवर गाडी एका स्टेशनातून सुटून दुसऱ्या स्टेशनात पोचलेली मी पाहिलेली नाही. दुसरे स्टेशन अजून बांधून व्हायचे आहे.

या वादावरचा तोडगा महाराष्ट्राच्या मातीतच होता, आणि तो मी या छंदातल्या प्रत्येक बैठकीत मांडला आहे. ७६२ मिलिमीटरची नॅरो गेज घ्या. १:८७ मध्ये ती ८.७६ होते. एन गेजचा तयार रूळ नऊ मिलिमीटर. पाव मिलिमीटरचा फरक मिलिमीटरवाल्यांनाही चष्मा पुसून शोधावा लागेल. आणि ७६२ म्हणजे आपली बार्शी लाइट.

बार्शी लाइट रेल्वे ही एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनियरची कल्पना. १८९७ मध्ये कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत गाडी सुरू झाली, १९०६ मध्ये पंढरपूर, १९११ मध्ये लातूर, १९२७ मध्ये मिरज. एकूण सुमारे ३२५ किलोमीटर. कॅलथ्रॉपचा हट्ट असा की एका आसावर पाच टनांहून जास्त भार पडायचा नाही, मग हलका रूळ पुरतो आणि लाइन स्वस्तात होते. त्यासाठी त्याने लीड्सच्या किटसनकडून ०-८-४ ची टाकीवाली इंजिने घेतली आणि डबे-वाघिणी सगळ्या एकाच सांगाड्यावर बांधल्या : लांबी २५ फूट, रुंदी ७ फूट, दाबून घडवलेले पोलाद. हाच माणूस पुढे इंग्लंडात स्टॅफर्डशरमध्ये १९०४ ची लीक अँड मॅनिफोल्ड लाइन बांधायला गेला आणि तिथल्या इंजिनांवर चक्क मोठे पुढचे दिवे लावून आला. तिकडचे छंदिष्ट त्या छोट्या लाइनवर आजही जीव टाकतात. तिच्या कितीतरी पट लांब असलेल्या तिच्या थोरल्या बहिणीचे मॉडेल महाराष्ट्रात किती घरांत आहे, हे विचारायची सोय नाही.

माझे मामा कुर्डुवाडीला माल गोदामात होते. मे महिन्यात तिकडे गेलो की आमचा मुक्काम घरात कमी आणि यार्डात जास्त. मोठ्या लाइनची वाघीण एका बाजूला, छोटीची दुसऱ्या बाजूला, आणि मधल्या फलाटावरून हमाल पोती पाठीवर घेऊन इकडून तिकडे. गेज बदलतो तिथे माल उतरून पुन्हा चढवावा लागतो, हे आम्ही भूगोलाच्या पुस्तकाआधी तिथे शिकलो. शंटिंग जमादार हिरवे निशाण हलवायचा, इंजिन मागे यायचे, बफर टेकल्याचा आवाज व्हायचा, सांधेवाला खटका ओढायचा. आषाढीला पंढरपूरच्या गाडीवर माणसे टपावरही बसायची. पण मला ओढ होती ती त्या जमादाराची. कुठली वाघीण आधी काढायची, कुठली मागे ठेवायची, हे सगळे तो मनात मांडून येत असे. कागद हातात असायचा, त्याकडे तो बघत नसे.

अ‍ॅलन राइटने हेच घरात आणले. त्याच्या ‘इंगलनूक सायडिंग्ज’ची रचना अशी : दोन सांधे, तीन सायडिंग. एकात पाच वाघिणी मावतात, बाकी दोनांत तीन-तीन, आणि इंजिनाला पुढेमागे व्हायची मान एवढीच की त्यात इंजिन आणि तीन वाघिणी बसतात. लाइनवर एकूण आठ वाघिणी. आठ चिठ्ठ्या वाटीत टाका, पाच उचला, ज्या क्रमाने आल्या त्याच क्रमाने पाच वाघिणींची गाडी लावा. क्रम ६७२० होऊ शकतात. त्यातला एकही सोडवता येत नाही असे होत नाही, पण काही सोडवताना चहा निवतो. अमेरिकेतल्या जॉन अ‍ॅलनने १९७२ मध्ये ‘टाइमसेव्हर’ नावाचे असेच कोडे मांडले. त्यात दोन इंजिने आणि घड्याळाची शर्यत. ते मला फारसे रुचले नाही. यार्डात घाई करणारा माणूस मी कधी पाहिला नाही आणि जे घाई करायचे ते बोटे गमवायचे.

आता हिशेब पाहा. बार्शी लाइटची २५ फुटी वाघीण १:८७ मध्ये ८८ मिलिमीटर, जोडणीसकट ९५ धरा. पाचांचे सायडिंग साधारण ४७५, दोन सांधे मिळून २५०, मान ३९५. बेरीज ११२० मिलिमीटर. चार फुटांची फळी १२१९ ची असते. रुंदी एक फूट पुरते. म्हणजे संपूर्ण यार्ड कपाटाच्या वर, नाहीतर पलंगाखाली जाते आणि बायको-मुलांना ‘रेल्वेची खोली’ मागावी लागत नाही. ज्यांनी या छंदासाठी टेरेस झाकून घेतली आणि सोसायटीची नोटीस ओढवून घेतली, त्यांनी हा परिच्छेद पुन्हा वाचावा.

बांधकामाबद्दल थोडक्यात. बारा मिलिमीटरचे चांगले प्लाय, खाली पट्ट्यांची चौकट, वर बुचाचा थर, त्यावर रूळ. सांध्याचा मधला भाग प्लास्टिकचा घेऊ नका. छोट्या इंजिनाची चाके नेमकी तिथे येतात आणि इंजिन मेल्यासारखे उभे राहते. धातूचा घ्या आणि सांध्याबरोबर त्याची विजेची बाजू बदलेल असा स्विच खाली लावा. वाघिणी वजनाला हलक्या नकोत, नाहीतर मागे ढकलताना उतरतात. वेगाचे मात्र मी ऐकून घेणार नाही. शंटिंगला खऱ्या रेल्वेत ताशी १५ किलोमीटरची मर्यादा असते. १:८७ मध्ये ती सेकंदाला पावणेपाच सेंटीमीटर होते, म्हणजे चार फूट जायला पंचवीस सेकंद. या वेगाने न अडखळता चालणारे इंजिन मिळवा, त्यासाठी पैसे घाला आणि बाकी सगळ्यात काटकसर करा.

डोंगर-माती कशी करायची हे मराठी माणसाला परदेशी पुस्तकातून शिकावे लागू नये. दिवाळीच्या किल्ल्यासाठी गोणपाट मातीत बुडवून दगडांवर पसरणाऱ्या आणि हळीव पेरून हिरवळ उगवणाऱ्या पोरांना हे सगळे आधीच येत असते. फक्त गोणपाटाच्या जागी औषधाच्या दुकानात मिळणारी प्लास्टरची पट्टी आणि हळिवाच्या जागी रंगवलेला लाकडाचा भुसा घ्यायचा. खडी चिकटवताना पातळ केलेल्या फेव्हिकॉलमध्ये भांडी घासायच्या द्रवाचा थेंब टाका म्हणजे तो आत झिरपतो. खरी माती वापरायची तर चहाच्या गाळणीतून चाळून घ्या आणि वरून लोहचुंबक फिरवा. आपला दख्खनचा दगड लोहयुक्त आहे, त्याचे काळे कण मोटारीच्या चुंबकाला जाऊन चिकटतात. ही गोष्ट इंग्रजी पुस्तकांत सहसा सापडणार नाही, कारण त्यांच्या बागेत बेसाल्ट नाही. लातूरकडची लाइन असेल तर हिरवळ फार नको. काळी रानं, मुरमाचा रस्ता, तारेवर बांधलेल्या दोन विरळ बाभळी पुरे.

आता डिजिटल. जर्मन लेन्झ कंपनीच्या पद्धतीवरून एनएमआरएने नव्वदच्या दशकात डीसीसी या डिजिटल नियंत्रणाची मापे ठरवली आणि एकाच रुळावर दोन इंजिने वेगवेगळी चालवता येऊ लागली. मोठ्या लाइनीला हे वरदान आहे. एका इंजिनाच्या यार्डात त्याचे काय काम, हे मला कुणी पटवून दिलेले नाही. तरुण मंडळी मोबाइलवरून शिट्टी वाजवून दाखवतात. शिट्टी छान वाजते. मग ते इंजिन कुठली वाघीण आणायला निघाले आहे असे विचारले की माझ्याकडे बघत राहतात.

त्यांना तरी काय म्हणून दोष द्यायचा? त्यांनी शंटिंग पाहिलेलेच नाही. ऐंशीच्या दशकात रेल्वेने सुट्या वाघिणींची वाहतूक आवरती घेतली. कोळसा असो, सिमेंट असो, पूर्ण रेक एका ठिकाणी भरते आणि दुसऱ्या ठिकाणी रिकामी होते. गावोगावच्या माल गोदामांची सायडिंगे गवतात गेली. १९९२ मध्ये एकच गेज करायचे धोरण आले. मिरजेला एकेकाळी तिन्ही गेज होते, आता एकच आहे. बार्शी लाइटही तुकड्या-तुकड्याने ब्रॉड झाली. विदर्भातली शकुंतला ही छोटी गाडी बंद पडली. स्टेशनात गाडी येते आणि जाते एवढेच ज्या पिढीने पाहिले, ती घरात गाडी येण्याजाण्यापलीकडे काय करणार? गोल रूळ त्यांच्या डोळ्यांना खराच वाटत असेल.

कोथरूडला भाऊसाहेब जोशींनी १९९८ च्या १ एप्रिलला लघुरेल्वेचे संग्रहालय लोकांसाठी खुले केले. पुण्यात पोराला घेऊन तिथे गेला नाही असा बाप विरळा. त्यामागची मेहनत आणि यंत्रणा पाहून मी आजही थक्क होतो. ते बघण्यासाठी बांधले आहे आणि त्या कामी अव्वल आहे. हँबर्गला २००१ पासून सुरू असलेले ‘मिनिआटुर वुंडरलांट’ही तसेच. माझी तक्रार संग्रहालयांविषयी नाही, ती पाहून येऊन घरी त्याची केविलवाणी नक्कल करणाऱ्यांविषयी आहे. हजार फूट रूळ आपल्याला जमणार नाही म्हणून जे काहीच बांधत नाहीत, त्यांच्याविषयी तर आणखी आहे.

एका बाबतीत आजचा काळ माझ्या काळापेक्षा नक्कीच बरा. त्रिमितीय छपाई आली. कॅलथ्रॉपच्या वाघिणीचा सांगाडा पत्रा कापून जुळवण्यात आमची उमेद गेली. आता एक आरेखन नीट झाले की आठ वाघिणी राळेत छापून मिळतात. नऊ मिलिमीटरचे इंजिनाचे सांगाडे जपानी कंपन्यांकडून मिळतात, त्यावर किटसनचा साज चढवता येतो. अडले आहे ते मापांपाशी. इंजिनांची चित्रे इंग्लंडात निघतात, पण स्टेशनांची, गोदामांची, पाण्याच्या टाक्यांची, सायडिंगांच्या लांबीची मापे इथल्याच घरांत असणार.

म्हणून कुर्डुवाडी, बार्शी, पांगरी, येडशी, लातूर, मोडनिंब, पंढरपूर, सांगोला, मिरज या गावांतल्या रेल्वेच्या जुन्या कुटुंबांना विनंती. दिवाळीच्या साफसफाईत आजोबांचे कामाचे वेळापत्रक, यार्डाचा नकाशा, गोदामासमोर काढलेला फोटो असे काही हाती लागले तर रद्दीत घालू नका. कोपऱ्यात माणूस किंवा दरवाजा दिसत असला तरी पुरे, त्यावरून माप काढता येते. मोबाइलवर स्वच्छ फोटो काढा आणि या अंकाच्या पत्त्यावर पाठवा. मूळ कागद तुमच्याकडेच राहू द्या.